पैनगंगेच्या अलीकडे

कोर्टाची बाई बुधवारी येणार म्हटल्यावर इंगोल्यांच्या घरात सोमवारपासूनच सारवण सुरू झालं. भिंती झाल्या, ओटा झाला, गोठासुद्धा झाला. रामरावांना कोणी सांगितलं होतं कोण जाणे, पण बाई गोठाही बघते अशी त्यांची समजूत होती. बैलांच्या शिंगांना तेल लावून झालं तेव्हा कस्तुराबाई पदराआड हसली. नातीचा खटला आणि बैलांचा शृंगार, असा सगळा कारभार चालला होता.

खटला साधा होता आणि घराच्या दृष्टीने लाजिरवाणा होता. रामरावांचा धाकटा मुलगा इंद्रभान आणि त्याची बायको तीन वर्षांमागे पटकीच्या साथीत चार दिवसांच्या अंतराने गेली. मागे राहिली प्रयाग. आता ती आठ वर्षांची होती आणि रामरावांनी तिचं लग्न ठरवलं होतं. इकडे वऱ्हाडात मुलीच्या लग्नाला चौदा वर्षांचा कायदा येऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, पण पैनगंगा ओलांडली की मोगलाई. तिथे निजामाचं राज्य, तिथे हा कायदा नाही. अनसिंग-वाशिमकडची शहाणी माणसं बैलगाड्या जुंपून नदी ओलांडत, पलीकडे अक्षता टाकत आणि तिसऱ्या दिवशी काही घडलंच नाही अशा चेहऱ्याने परत येत. प्रयागचं लग्न हिंगोलीकडच्या एका चांगल्या घरात, अखजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, मुहूर्तावर होतं. अखजीला अठरा दिवस उरले होते.

आणि घरच्याच लेकीने दगा दिला. रामरावांची विधवा मुलगी चतुराबाई बालाजीच्या दर्शनाला म्हणून वाशिमला गेली आणि कोर्टात अर्जावर अंगठा उठवून आली. पोरीचं पालकपण मला द्या, तिला नदीपलीकडे नेऊ देऊ नका. तीन दिवसांनी चपराशी कागद घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा गावाला कळायच्या आधी घराला कळलं, एवढीच काय ती इज्जत राहिली. तेव्हापासून बाप लेकीशी बोलत नव्हता.

बुधवारी सकाळी थोरला मुलगा मारोतराव बायकोला म्हणाला, "हे पाय, चतुरीनं अर्जात काही का लिवलं असना, लग्नाचा ल कोनी काढाचा नाही. बाई इचारन त सांगाचं, पोरगी खाते-पिते, खेळते. बस."

"मी कायले काढू," कस्तुराबाई म्हणाली. "माहं त घरात तोंडच नाही."

मारोतरावाने ते ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. तेवढ्यात ओसरीवरून रामरावांचा आवाज आला.

"सुनबाई, पोरगीले चांगलं घालजा. घरात जे जे असन थे सारं घाला तिच्या आंगावर. अनाथ दिसली नाही पायजे. इंगोल्याची नात हाय थे."

कस्तुराबाईने पेटी उघडली. प्रयागचे दोन परकर होते, दोन्हीला ठिगळं. नवं असं पेटीत एकच बोचकं होतं: हिरव्या खणाची चोळी, जरीकाठी लुगडं आणि चांदीचे भरीव तोडे. गेल्या महिन्यात हिंगोलीची माणसं पोरीला कुंकू लावायला आली होती, तेव्हा त्यांनी आणलेलं. कस्तुराबाई तोडे हातात घेऊन क्षणभर थांबली. ओसरीवर जाऊन सासऱ्यांना सांगावं का, की मामंजी, हे सोयऱ्यांकडचं आहे, हे आज नको? तोंड उघडलं आणि मिटलं. सासऱ्यांनी सांगितलं होतं, जे जे असेल ते सारं. सतरा वेळा त्यांच्या शब्दाबाहेर गेली नाही म्हणून कोणी शाबासकी दिली नव्हती, मग अठराव्यांदा तरी का जायचं? तिने पोरीचे पाय मांडीवर घेतले आणि तोडे चढवले.

"चावतात व मोठीमाय," प्रयाग म्हणाली.

"चावू दे. आजच्या रोज घाल."

मागच्या दारात चतुराबाई उभी होती. नणंद-भावजय एकमेकींशी बारा वर्षं बोलत नव्हत्या. जे सांगायचं ते गाईला किंवा चुलीला उद्देशून सांगायच्या, आणि काम चालायचं. चतुराबाईने तोड्यांकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं आणि घडा उचलून विहिरीकडे गेली. गाईलासुद्धा काही बोलली नाही.

*

प्रेमाबाई दहाच्या सुमाराला बैलांच्या दमणीतून उतरली. वाशिमच्या जैन कापडदुकानदाराची बायको, पस्तीस-सदतीशीची, अंगाने स्थूल आणि चालायला चपळ. महिला समाजातर्फे ती असली कामं करायची. बायका-पोरांचा मामला असला की जज्जसाहेब कारकुनाऐवजी तिला पाठवत, कारण कारकुनाला ओसरीच्या आत कोणी घेत नाही आणि ओसरीवर खरं कोणी बोलत नाही. तिचा अहवाल साहेब दोनदा वाचतात, असं वकील म्हणत.

रामरावांनी तिला पाहिलं आणि त्यांचा निम्मा जीव भांड्यात पडला. त्यांना वाटलं होतं, बूट घातलेली कोणी मडम येईल. ही तर आपल्यातलीच, डोक्यावर पदर घेणारी. हिला दोन गोष्टी सांगितल्या की पटतील.

"या बाई, बसा. दूध आना व सुनबाई."

"दूध नोको जी. पानी चालन. पन गाळून द्या, आमच्यात तसं लागते."

कस्तुराबाईने धुतलेलं फडकं दुहेरी करून घागरीवर धरलं आणि पाणी गाळून आणलं. प्रेमाबाईने तांब्या घेताना तिच्या हाताकडे आणि मग तोंडाकडे पाहिलं. कस्तुराबाईला ते उगीचच लक्षात राहिलं. पाहुणे तांब्याकडे बघतात, देणारीकडे कोण बघतं.

रामरावांनी सुरुवात केली. घराणं, शेती, इंद्रभान कसा होता, त्याच्या मागे पोरीला कसं फुलासारखं जपलं. प्रेमाबाई ऐकत होती. मधेच एकदा "हो जी" म्हणाली. तिने वही काढली नाही, त्यामुळे रामराव आणखी खुलले. शेवटी त्यांनी हाक मारली आणि प्रयाग ओसरीवर आली, नखशिखांत नटलेली, मान खाली, पावलं मोजून टाकत. बघायला येतात तेव्हा मुलीने कसं यायचं ते तिला गेल्याच महिन्यात शिकवलेलं होतं. प्रेमाबाईसमोर येऊन तिने पाटावर बैठक मारली आणि हात मांडीवर ठेवले.

मारोतरावाची नजर तोड्यांवर गेली. त्याने बापाकडे पाहिलं. बाप नातीकडे बघून कौतुकाने मिशा पिळत होता.

"घर पाहाचं हाय मले," प्रेमाबाई उठत म्हणाली. "तुमी बसा सारे. पोरगीच दाखवन."

"मी येतो ना संग," मारोतराव उठला.

"पोरीले आपलं घर मालूम नाही काय?"

तो परत बसला.

*

प्रेमाबाईची एक रीत होती. ती पोरांना कधी विचारायची नाही की तू सुखात आहेस का. त्याचं उत्तर घरात कोणीतरी आधीच पढवून ठेवलेलं असतं. ती म्हणायची, तुझं ताट दाखव, तुझं अंथरूण दाखव, तुला लागलं-खुपलं की कुठे जाऊन बसतेस ते दाखव. वस्तूंना कोणी पढवत नाही.

प्रयागने ताट दाखवलं, पितळेचं, काठाला पोचा आलेलं, पण घासलेलं. अंथरूण दाखवलं. चतुराबाईच्या गोधडीला चिकटूनच तिची लहान गोधडी होती आणि दोन्हींना एकच उशी.

"आत्या रातच्याले माही वेनी घालते," ती म्हणाली. "सकाळी घातली त मोठबा ओरडतात, की टाइम कायले लावता."

"आन् मोठीमाय?"

प्रयागने विचार केला. "मोठीमाय बोलत नाही जास्त. पन भाकरीवर लोनी घालते. आत्या पाहात नसली का मंग घालते."

प्रेमाबाईला हसू आलं. या घरात प्रेमसुद्धा एकमेकींची पाठ वळल्यावर करायचं असतं, हे तिने मनात टिपलं. ती कोठीच्या उंबऱ्यावर बसली आणि पोरीला जवळ घेतलं.

"पाय दुखते काय तुहा? लंगडून राह्यली तू."

"तोडे चावतात."

"मंग काहून घातले?"

"आज तुमी आल्या म्हनून. नाही त पेटीतच राहतात." प्रयागने लुगड्याचा घोळ वर करून तोडे दाखवले. नवी चांदी, आतल्या कडेला तासलेलीसुद्धा नव्हती, घोट्यावर लाल वळ उठले होते. "माह्या सासूनं देल्ले. थे म्हने अखजीले घालून येजो. मंग काढाचे नाही म्हने कधीच."

हे सगळं तिने अगदी सरळ सांगितलं, जसं कोणी सांगेल की आमची म्हैस व्याली. प्रेमाबाईने हलक्या हाताने एक तोडा काढला, मग दुसरा. पोरगी बोटं हलवून बघायला लागली. प्रेमाबाईला राग आला होता आणि राग आला की ती फार शांत व्हायची. दुकानातली माणसं ते ओळखून होती.

*

"लगन अखजीले हाय न जी?" ओसरीवर येऊन बसता बसता तिने विचारलं. आवाज असा, जसं कोणी बाजार कोणत्या वारी म्हणून विचारावं.

मारोतराव म्हणाला, "कोन म्हनते?"

प्रेमाबाईने तोडे पाटावर ठेवले. "हे म्हनतात."

रामरावांनी तोड्यांकडे पाहिलं. ते कुठले हे त्यांच्या आत्ता ध्यानात आलं. सत्तर वर्षांच्या आयुष्यात त्यांनी पुष्कळ चुका केल्या होत्या, पण स्वतः हुकूम सोडून, स्वतःच्या ओसरीवर, स्वतःविरुद्ध साक्षीदार सजवून बसवला नव्हता. त्यांनी सुनेकडे पाहिलं. सून दाराच्या चौकटीला टेकून उभी होती, मान खाली.

"तुले अक्कल नाही काय?" मारोतराव बायकोवर ओरडला.

"मामंजी म्हनले, जे असन थे घाल," कस्तुराबाई म्हणाली. "दुसरं काय होतं घरात?"

"जाऊ दे मारोती," रामराव जड आवाजात म्हणाले. "बाई, आता लपवत नाही. हाय लगन. मी शब्द देल्ला हाय. माहे किती दिवस राह्यले? माह्या डोळ्यांदेखत पोरगी आपल्या घरी गेलेली बरी. बिनमायबापाची पोर, मंग कोन पाहीन तिच्याकडे?"

"मी पाहीन," चतुराबाई मागून म्हणाली.

"तू?" मारोतराव वळला. "तुहंच पोट ह्या घरावर हाय. तू कोर्टात गेली त गेली, पन उद्या बाबांनी म्हनलं, चाल, निघ, त पोरगीले घेऊन कुठी जाशीन?"

चतुराबाई सत्तावीस वर्षं बापाच्या घरी राहत होती, दोन माणसांचं काम करत होती आणि तिच्या नावावर एक गोधडी होती.

प्रेमाबाईने आता वही काढली. "त्याचंच सांगतो मी तुमाले. आइकून घ्या सारे. कोर्ट पालक नेमते तवा हमीदार मागते. जमीन असलेला मानूस पायजे. त्यानं लिहून द्याचं, का चवदा वर्साच्या आत लगन होनार नाही, कोर्टाले इचारल्याबिगर पोरगी जिल्ह्याच्या बाहीर जानार नाही. मोडलं त जमीन जप्त. चतुराबाईले हमीदार भेटला त मी साहेबाले लिहीन, पोरगी याच घरात राहू द्या. नाही भेटला त सोमवारी पोरगी अमरावतीच्या आश्रमात. निकाल लागेपर्यंत तठीच."

"आश्रमात?" चतुराबाईचा आवाज फाटला. "मी तिले वाचवाले गेली होती बाई. काहाडून द्याले नाही."

"मले मालूम हाय. पन अखजीले अठरा दिस हायेत. अठरा दिस मी ह्या घरावर इस्वास ठेवू शकत नाही. तुमीच ठेवला नाही, म्हनून त तुमी कोर्टात आल्या."

चतुराबाई तिथेच ओट्याच्या कडेला बसली. एकीकडे हिंगोली, एकीकडे अमरावती आणि मधे आपण रिकाम्या हातांनी, असं तिला दिसायला लागलं. आपणच ही आफत ओढवून घेतली, या विचाराने तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि तिने ते पुसलं नाही.

मारोतरावाला मात्र धीर आला. "मंग होऊ द्या की आश्रम. लोकं थुकतील, पन हिच्या तोंडावर थुकतील. हमीदार कोन राहीन? जमीन त बाबांची न माही. आमी राहत नाही."

"या घरातला कोनी नाही," रामराव म्हणाले.

"माहं शेलूबाजारचं वावर हाय," कस्तुराबाई म्हणाली.

तिचा आवाज एवढा साधा होता की पहिल्यांदा कोणाला कळलंच नाही ती काय म्हणाली.

"माह्या बापानं मले साडीचोळीसाठी देल्लं. साडेतीन एकर. उतारा म्हना का काय म्हना, थो कागद माह्या नावाचा हाय, माह्या पेटीत हाय. चालते काय बाई?"

"चालते," प्रेमाबाई म्हणाली. "चांगलं चालते."

"तुले कोनी इचारलं?" मारोतराव उठून उभा राहिला.

"नाही इचारलं. अठ्ठावीस वर्सं झाले, कोनीच नाही इचारलं." कस्तुराबाई दारातून बाहेर ओसरीवर आली. सासऱ्यासमोर ती कधी इतकी पुढे आली नव्हती. "मी ह्या घरात आली तवा प्रयागएवढी होती. तेराव्या वर्सी बाळंत झाली. पोरगा दोन दिस जगला. सुईन म्हने, आंग भरलं नव्हतं पोरीचं, आता हिले काही होनार नाही. थे तुमी आइकलं होतं, मामंजीनं आइकलं होतं, सगळ्या गावानं आइकलं होतं. तरी मले वांझ म्हनलं. भांडनात ह्या चतुराबाईनं बी म्हनलं, म्हनून मी बारा वर्सं तिच्यासंग बोलली नाही."

चतुराबाईने मान वर केली. "म्हनलं मी," ती म्हणाली. "चूक झाली माही, वैनी."

"थे आपलं आपन मंग पाहून घेऊ," कस्तुराबाई तिच्याकडे न बघता म्हणाली. "चांगलं भांडून घेऊ. त्यात पोरीनं काय केलं?"

मारोतराव गोंधळला होता. बायको रडली असती तर त्याला काय करायचं ते ठाऊक होतं. ही रडत नव्हती. "आन् वावर जप्त झालं त?" तो म्हणाला. "तुह्या बापाची एकच त निशानी हाय."

"कसं होईन जप्त? पोरगीले कोनी नदीपल्याड नेलं त होईन. नेनार कोन? तुमी. मंग माह्या बापाचं वावर तुमीच बुडवजा, आन् गावाले सांगजा का बायकोचं वावर बुडवलं म्हनून."

प्रेमाबाईने वहीत मान घातली, कारण तिला हसू लपवायचं होतं. वकिलांनी लिहिलेल्या पुष्कळ हमी तिने पाहिल्या होत्या, पण इतकी पक्की गाठ कोणी मारलेली पाहिली नव्हती. मारोतरावाला तो दोन दिवसांचा पोरगा आठवत होता की काय, ते त्याने कधी कोणाला सांगितलं नाही. तो खांबाला टेकून खाली बसला आणि म्हणाला, "लिवा बाई. काय लिवाचं थे."

*

कागद तयार व्हायला दुपार झाली. प्रेमाबाई वाचून दाखवायची आणि कस्तुराबाई प्रत्येक ओळीला "हो" म्हणायची. चतुराबाईचा अंगठा पालक म्हणून झाला, कस्तुराबाईचा हमीदार म्हणून. अंगठ्याची शाई पुसायला एकच फडकं होतं, ते एकीने दुसरीला दिलं. प्रयाग अनवाणी अंगणात पळत होती आणि तिला कोणी गप्प बस म्हणत नव्हतं.

आता उरली रामरावांची सही. घरातल्या कर्त्याची हरकत नाही, एवढी एक ओळ. रामरावांना मोडी चांगली येत होती. टाक त्यांच्या पुढ्यात होता, पण त्यांनी तो उचलला नव्हता. आपला शब्द जाणार, हिंगोलीच्या माणसांपुढे आपल्यालाच जाऊन मान खाली घालावी लागणार, हे सगळं त्यांनी मनाशी मोजलं होतं. त्याचं दुःख होतं, पण आता अडलं होतं ते त्याच्यामुळे नाही.

"बाई, एक इचारतो. राग मानू नोका."

"इचारा जी."

"माही चतुरी आठ वर्साची होती. तिलेबी मी ह्याच नदीच्या पल्याड देल्लं. तवा कायदा नव्हता, पन सोयरे चांगले होते. अकराव्या वर्सी जावई गेला आन् मी तिले गाडीत घालून परत आनली." त्यांनी लेकीकडे पाहिलं नाही. सत्तावीस वर्षांत ही गोष्ट त्यांनी घरात एकदाही काढली नव्हती, आणि ती दारात उभी राहून ऐकत होती. "माह्या लेकीच्या टाइमाले कोनीच आलं नाही. जज्ज नाही, कागद नाही. कोनी ह्या ओसरीवर बसून मले म्हनलं असतं का रामराव, थांब, त मी भांडलो असतो, शिव्या देल्या असत्या, पन थांबलो असतो. आता येता तुमी. तवा कुठी होत्या?"

प्रेमाबाईने वही मिटली.

"कोन्या साली झालं चतुराबाईचं लगन?"

"मोठा पूर आल्ता, त्याच साली. वैशाखात."

"माहंबी त्याच साली झालं, रामरावजी. त्याच वैशाखात, कारंज्याले. मी मामाच्या खांद्यावर झोपली होती. जागी झाली तवा लगन लागून गेलतं."

रामरावांनी टाक दौतीत बुडवला.

"सांगा," ते म्हणाले, "कुठी करू सही?"